नाताळची काकवीची बिस्किटं, साच्यात कापलेली

आमच्या घरी नाताळच्या फराळाच्या ताटात करंजी, चकली, शंकरपाळे, रव्याचा लाडू हे सगळं असतंच. मग दिवाळीच्या ताटात आणि तुमच्या ताटात फरक काय, असं शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा मी बिस्किटांकडे बोट दाखवलं. चांदणी, घंटा, मेंढरू आणि बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा, म्हणजे मागींचा उंट. उंटाचा साचा कधीतरी पाट्याखाली सापडून दबला, मदार सपाट झाली, आणि तेव्हापासून तो हुबेहूब म्हशीसारखा दिसतो. घरातही त्याला म्हैसच म्हणतात. दिवाळीत म्हशी सजवून मिरवणाऱ्या कोल्हापुरात याचं कुणाला वावगं वाटत नाही.

कृती पणजीची. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यानंतर कित्येक वर्षांनी माझी पणजी मिशनच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. मडमेच्या कृतीत सुंठ आणि मोलॅसिस होतं. मोलॅसिस इथं मिळेना, म्हणून पणजीनं काकवी घातली. आजीच्या वहीत ती कृती अशी आहे : ‘मैदा तीन फुलपात्री, काकवी एक वाटी, गूळ, सुंठ, लोणी मावेल तेवढं.’ 

आजी गेल्यावर पहिल्या डिसेंबरला मी लोणी मावेल तेवढं घातलं. बरंच मावलं. ओव्हनमध्ये चांदणीचं जास्वंद झालं आणि म्हैस शेजारच्या मेंढरात मिसळली. चव उत्तम होती, पण ट्रेवर एकच सलग पोळी होती आणि ती सुरीनं कापून खावी लागली. त्यानंतरचे तीन डिसेंबर मी वजनकाटा घेऊन बसले. खालची मापं तिथून आली आहेत.

साच्याच्या बिस्किटाचं गणित नानकटाईच्या उलटं असतं. नानकटाई भट्टीत पसरायला, फुगायला आणि वर तडकायला हवी. साच्याच्या बिस्किटानं आत गेलं तसंच बाहेर यावं लागतं. म्हणून बेकिंग पावडर नाही, सोडा नावापुरता, तूप-लोणी बेतानं, आणि कापताना पीठ गार. आकार बिघडण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा या चारांतच सापडतं.

साहित्य

मैदा ३५० ग्रॅम. बिनमिठाचं लोणी १२५ ग्रॅम. काकवी १२० ग्रॅम, म्हणजे साधारण सहा टेबलस्पून. गडद रंगाचा गूळ किसून १०० ग्रॅम. सुंठपूड दोन टीस्पून, दालचिनीपूड एक टीस्पून, लवंगपूड आणि जायफळपूड प्रत्येकी पाव टीस्पून. खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. दूध दोन टेबलस्पून, तेही लागेल तसं. एवढ्यात दोन-अडीच इंची ४५ ते ५० बिस्किटं होतात. अंडं नाही. आजीच्या काळी फराळ शाकाहारी शेजाऱ्यांकडेही जायचा, म्हणून ते कधी पडलंच नाही, आणि न घातल्यानं कडा उलट चांगल्या राहतात.

काकवीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या बिस्किटाचा जीव तिच्यात आहे. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी, आणि इंग्रजीतलं मोलॅसिस त्याच जातीचं. काकवी तशी उरलीसुरली नसते. गुऱ्हाळात रस काहिलीत आटत असताना, गूळ होण्याआधी, साधारण १०५ अंशांच्या आसपास ती काढून घेतात. गुळासाठी तोच रस ११८ अंशांपर्यंत नेतात. म्हणजे काकवीत उसाची सगळी साखर असते आणि मळीचा कडवटपणा नसतो. बिस्किटाला मात्र थोडा कडवट, खोल स्वाद हवा असतो. तो गडद गुळातून आणि सुंठीतून आणायचा. म्हणून पिवळाधमक, दिसायला देखणा गूळ इथं घेऊ नका. तसा रंग यावा म्हणून रसात बऱ्याचदा रसायनं पडतात, आणि बिस्किटाला त्या रंगाचा काडीचा उपयोग नाही. तपकिरी, किंचित चिकट, फोडल्यावर उसाचा वास येणारा रवा, म्हणजे गुळाची ढेप, बघा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण दुकानात उभं राहिल्यावर शेवटी आपलं नाकच उपयोगी पडतं.

हंगामही अगदी जुळून येतो. गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, डिसेंबरात चुलवाणं जोरात असतात आणि काकवी ताजी मिळते. पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या वाटेला कुणी जात असेल तर बाटली देऊन ठेवावी. गुळव्याला ‘जरा घट्ट काढा’ म्हणून सांगितलं तर उत्तम. पातळ काकवीत पाणी जास्त असतं, पीठ सैल होतं आणि मग माणूस मैदा वाढवत बसतो. बाटलीतली काकवी चमच्यावरून मधासारखी तार धरून पडत असेल तर ती बरोबर आहे. पाण्यासारखी ओघळली तर दूध अजिबात घालू नका.

लोण्याचं म्हणाल तर घरचं म्हशीचं लोणी चालतं, पण त्यात ताकाचा अंश किती राहिलाय याचा नेम नसतो. गार पाण्यात दोनदा धुऊन, मुठीत दाबून पाणी काढून मगच वजन करा. विकतचं खारं लोणी असेल तर मीठ वगळा. तूप वापरायचं तर १२५ नव्हे, १०० ग्रॅमच घ्या. तुपात पाणी नसतं, सगळी चरबीच असते. मग दुधाचा एक चमचा वाढवावा लागतो. तुपाची बिस्किटं जास्त खुसखुशीत होतात, लोण्याची जास्त कडक आणि नीटस. दोऱ्यानं झाडाला टांगायची असतील तर लोणीच घ्या.

आदल्या रात्री : पीठ

जाड बुडाच्या पातेल्यात काकवी, किसलेला गूळ आणि लोणी एकत्र करून मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळला की लगेच गॅस बंद. उकळी येऊ देऊ नका. उकळला की पाक पुढे जातो आणि बिस्किटं दात हलवणारी होतात, चिक्कीसारखी. हे मिश्रण बारीक गाळणीतून गाळून घ्या. गूळ कितीही चांगला असला तरी उसाची चिपाडं आणि खर निघतेच, आणि ती नेमकी पाहुण्याच्या दाताखाली जाते. काही जण लोणी आणि किसलेला गूळ नुसता फेटून घेतात. मी ते सोडून दिलं. गुळाचे खडे तसेच राहतात, भाजताना वितळतात आणि बिस्किटावर काळे ठिपके, खड्डे पडतात.

मिश्रण बोट बुडवता येईल इतकं कोमट होऊ द्या. मैदा, मसाले, सोडा, मीठ एकत्र करून दोनदा चाळा. सोडा कोपऱ्यात साचून राहिला तर त्या बाजूची बिस्किटं साबणासारखी लागतात, म्हणून ही चाळणी टाळू नका. कोमट मिश्रणात निम्मा मैदा घालून पळीनं हलवा, मग उरलेला घालून हातानं गोळा करा. पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. मैदा जितका मळाल तितका चिवट होतो आणि भाजताना बिस्किट आकसतं. गोळा झाला की थांबा. कोरडं वाटलं, कडा फुटायला लागल्या, तर दुधाचा एक चमचा, मग लागलाच तर दुसरा.

या वेळी पीठ ओलसर, तेलकट, जरा सैल वाटेल. इथंच नवखा माणूस घाबरतो आणि मूठभर मैदा ओततो. ओतू नका. लोणी अजून पातळ आहे, एवढंच त्याचं कारण. सकाळी तेच पीठ दगडासारखं झालेलं असेल.

गोळ्याचे दोन भाग करा, जाड चपातीएवढे चपटे थापा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. किमान चार तास, खरं तर रात्रभर. लोणी घट्ट होतं, मैदा ओलावा शोषून घेतो, आणि सुंठ-लवंग पिठात मुरते. पहिल्या दिवशी सुंठ नुसती जिभेला चावते, दुसऱ्या दिवशी तिचा वास लागतो. मी लहानपणी त्याच रात्री कापायचा हट्ट धरायची. आजी तिच्या अस्सल कोल्हापुरी बोलीत म्हणायची, “मी सांगतो ते ऐक की! आज कापलंस तर सगळ्याची म्हैस व्हायची.” तिच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. परातीखाली झाकून पातेलं मागच्या पडवीत ठेवायची. डिसेंबरातल्या कोल्हापूरच्या थंडीत काम भागायचं. आता फ्रिज आहे, तर पडवीवर भरवसा टाकू नका.

लाटणं आणि कापणं

सकाळी एकच भाग बाहेर काढा, दुसरा आतच राहू द्या. दहा मिनिटं ओट्यावर ठेवा, म्हणजे लाटताना तडकणार नाही.

आपलं पोळीचं लाटणं इथं घात करतं. बहुतेक लाटणी मधे फुगीर आणि टोकांना निमुळती असतात. पोळीला ते बरोबर, पण बिस्किटाचं पीठ मधे पातळ आणि कडेला जाड राहतं. भाजताना मधली करपतात, कडेची कच्ची राहतात. सरळ, एकसारख्या जाडीचं लाटणं नसेल तर सरळ अंगाची स्टीलची बाटली घ्या. पिठाच्या दोन बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा आणि बाटली त्यांच्यावरून फिरवा. पट्ट्या चार मिलिमीटरच्या असल्या तर जाडी आपोआप चार मिलिमीटर येते. मी सुताराकडून प्लायच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या आहेत आणि त्या साच्यांच्या डब्यातच राहतात. खाली बटर पेपर, वर दुधाची पिशवी उघडून धुऊन वाळवलेली. कोरडा मैदा शक्यतो भुरभुरवू नका. भाजल्यावर गडद बिस्किटावर त्याचे पांढरे डाग राहतात.

लाटलेला पत्रा बटर पेपरसकट ताटात सरकवून पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. ही पायरी मी पहिली दोन वर्षं उगाचच टाळली. लाटताना हाताच्या उबेनं लोणी पुन्हा नरम होतं, आणि नरम पिठातून साचा काढला की कड खाली ओढली जाते. गार पिठात साचा ‘कट्’ असा आवाज करून बसतो.

साचे पत्र्याचे, धार असलेले घ्या. प्लॅस्टिकचे मुलांच्या हाती द्यायला ठीक, पण त्यांची कड बोथट असते. आमचे साचे पत्र्याच्या डबे-नरसाळी करणाऱ्या एका कारागिराकडून आजीनं करून घेतले होते, जोड डागाचे, आणि उंटाच्या मदारीचा अपघात सोडला तर अजून शाबूत आहेत. नवा साचा घ्यायचा तर बारीक पाय, लांब शेपूट, नाजूक शिंगं असलेला घेऊ नका. तेवढेच भाग आधी जळतात आणि नंतर मोडतात. आमची म्हैस टिकली ती तिच्या आखूड, जाड पायांमुळे.

साचा दर दोन-तीन कापांनंतर मैद्यात टेकवा. सरळ खाली दाबा, फिरवू नका. आकार एकमेकांना जवळ बसवा, म्हणजे उरलेलं पीठ कमी निघेल. उरलेलं गोळा करून एकदाच परत लाटा; तिसऱ्या खेपेची बिस्किटं चिवट होतात, ती आम्ही बिनआकाराची चौकोनी कापून चहाला ठेवतो. आकार उचलायला बोटं नकोत, पातळ उलथनं वापरा. किंवा त्याहून सोपं : आजूबाजूचं पीठ काढून घ्या आणि आकार त्याच बटर पेपरवर राहू देऊन पेपरच ट्रेवर सरकवा. टांगायची असतील तर सरबताच्या नळीनं भोक आत्ताच पाडा, कडेपासून निदान अर्धा सेंटिमीटर आत. एका ट्रेवर एकाच आकारमानाची बिस्किटं ठेवा. छोटी चांदणी आणि मोठी घंटा एकत्र गेली की चांदणी कोळसा होते.

भाजणं

ओव्हन १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू, ट्रे मधल्या खणात. आधी एकच बिस्किट भाजून बघा. ते पसरलं तर पिठात एक-दोन चमचे मैदा मिसळून पुन्हा गार करा. कडेला भेगा पडल्या तर चमचाभर दूध. पंधरा मिनिटांच्या या चाचणीनं पन्नास बिस्किटं वाचतात.

चार मिलिमीटर जाडीला दहा ते बारा मिनिटं लागतात, लहान आकारांना आठ-नऊ. सातव्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण घरगुती ओव्हन मागच्या बाजूनं जास्त तापतात. गुळाचं पीठ मुळातच तपकिरी, त्यामुळे ‘सोनेरी होईपर्यंत’ हा नियम इथं कामाचा नाही. शिवाय गुळातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे ते साखरेच्या पिठापेक्षा लवकर करपतं. खूण अशी : कड किंचित गडद आणि कोरडी, मधे बोटानं हलकं दाबलं तर खळगा पडून हळूहळू भरून येतो, आणि सुंठीचा वास स्वयंपाकघराबाहेर पोचलेला असतो. वासात जळक्या गुळाची छटा आली तर अर्धा मिनिट उशीर झाला आहे. बाहेर काढताना बिस्किट मऊच असणार. कडक होईपर्यंत आत ठेवलं तर गार झाल्यावर ते अडकित्त्यानं फोडावं लागेल. भोकं बुजली असतील तर गरम असतानाच नळी पुन्हा घाला. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर.

ओव्हन नसेल तर जाड कढईत तळाला मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग मंद. एका खेपेला सहा-सात बिस्किटं, पंधरा ते अठरा मिनिटं. वरून उष्णता नसल्यामुळे वरची बाजू फिकी राहते. आयसिंगखाली ते झाकलं जातं.

तिसरी वाट बेकरीची. दिवाळीत डबाभर साहित्य घेऊन नानकटाई करून आणायची कोल्हापूरकरांना सवय आहेच, तर हीही भाजून मिळतात. पण लाकडाच्या भट्टीची आच या पातळ बिस्किटांना सोसत नाही. मी एकदा सकाळी पावाच्या घाण्याआधी ट्रे दिले आणि चाळीस काळ्या चांदण्या परत आणल्या. चूक माझीच, मी काही सांगितलंच नव्हतं. पाव निघून भट्टी निवत आल्यावर, दुपारी, ट्रे द्यावेत, बिस्किटं जरा जाड, सहा मिलिमीटरची लाटावीत, आणि शक्यतो तिथंच उभं राहावं. ट्रेवर नावाची चिठ्ठी लावा. डिसेंबरात इतरांचेही ट्रे असतात.

आयसिंग

बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय याला हात लावू नका. अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग कडक सुकतं, पण कच्चं अंडं घरोघर वाटायच्या फराळात मला नको वाटतं. २०० ग्रॅम आयसिंग शुगर, दूध दीड ते दोन टेबलस्पून, लिंबाचे चार थेंब. घरी साखर दळत असाल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून दळा आणि मलमलच्या कापडातून चाळा, कारण एक कणही कोनाचं तोंड बुजवतो. दूध थेंबाथेंबानं घाला. चमचा उचलल्यावर पडलेली रेघ दहा सेकंदांत विरली तर आत भरायला योग्य, अजिबात विरली नाही तर कडा काढायला. आधी कड काढायची, ती पंधरा मिनिटं धरू द्यायची, मग आत भरायचं.

नोझलच्या भानगडीत मी पडत नाही. दुधाच्या जाड पिशवीचा मेंदीसारखा कोन वळायचा, चिकटपट्टी लावायची, टोक टाचणीएवढं कापायचं. आमच्या गल्लीत मेंदी काढणारी एक मुलगी दरवर्षी येते आणि घंटेवर अशी वेलबुट्टी काढते की खायला जीव होत नाही. बिटाचा रस दोन थेंब गुलाबीसाठी, पिवळ्यासाठी दुधात भिजवलेलं केशर. हळदही रंग देते, पण चिमटीच्या टोकाएवढीच, नाहीतर मेंढराला वरणाचा वास येतो. म्हशीवर आम्ही फक्त शिंगं रंगवतो.

ताटात पसरून सहा ते आठ तास उघडी सुकू द्या, पंख्याखाली नको, मुंग्यांपासून मात्र जपा. आयसिंग ओलं असताना डब्यात भरली तर एकमेकांना चिकटून नक्षी निघून येते.

साठवण

गूळ हवेतला ओलावा खेचतो, म्हणून ही बिस्किटं साखरेच्या बिस्किटांपेक्षा लवकर मऊ पडतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, थरांमध्ये बटर पेपर. बिनआयसिंगची तीन आठवडे छान राहतात, आयसिंगची दहा दिवस. म्हणून भाजून ठेवायची १५ तारखेच्या सुमारास आणि रंगवायची २२-२३ला. चकल्यांच्या डब्यात चुकूनही ठेवू नका, दोन दिवसांत घंटेला ओव्याचा वास लागतो. मऊ पडलीच तर बिनआयसिंगची १५० अंशांवर पाच मिनिटं गरम करून गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होतात.

पीठ आधी करून ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतं. मोडकी बिस्किटं वेगळ्या डब्यात ठेवा. २४ तारखेच्या रात्री नाताळची गाणी म्हणत मंडळी दारात येतात, तेव्हा कपभर चहाबरोबर तोच डबा आधी संपतो.